तिसऱ्या अंकातली शांतता

९ फेब्रुवारी

ती. काकूस नमस्कार,

काकू, आज तळघरातल्या कपाटात काका सापडले. घाबरू नकोस, नीट सांगतो.

आमच्या रेडिओच्या तळघरात जुन्या टेपांची साडेतीनशे खोकी पडून आहेत. विभागप्रमुख बाईंनी फर्मान काढलंय, की एकेक टेप ऐकायची, ठेवण्यासारखी असेल तर तिची कमी टेपेत मावेल अशी नवी प्रत करायची आणि मूळ टेप पुसून पुन्हा वापरात आणायची. नव्या टेपांचा तुटवडा आहे. हे काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण विभागात कान शाबूत असलेला मी एकटाच, असं बाईंचं म्हणणं. बाकीचे त्यावर काही बोलले नाहीत. बहुतेक त्यांना ऐकू गेलं नसावं.

तर आज एका खोक्यावर इटालियनमधलं लांबलचक नाव दिसलं. कोशात अर्थ पाहिला, ‘मिठागरातली नवरी’. कधी ऐकलंयस? मी ऐकलं नव्हतं. आमच्या संगीत विभागातल्या पंडितांनीही नाही. दीडशे वर्षांपूर्वी कुणी एकानं लिहिलेला ऑपेरा. मोठ्या नावांच्या गर्दीत हा गृहस्थ चिरडून गेला. पण खोक्याच्या कडेला नाट्यगृहाचं नाव आणि वर्ष होतं. काकू, ते तुमचं नाट्यगृह! काका जिथं गायचे आणि तू जिथं कपडेपटात शिवणकाम करायचीस, तेच. वर्षही तुम्ही तिथं होतात तेव्हाचंच.

खोक्यावर फक्त मोठ्या गायकांची नावं आहेत. काका कुठली भूमिका करायचे? लहानपणापासून ‘काका ऑपेरात गातात’ एवढंच ऐकत आलोय, पण प्रत्यक्ष गाताना एकदाही ऐकलं नाही. आम्ही आलो की त्यांचा घसा बसलेलाच असायचा. आता मी टेपवाला झालोय, आता कुठं पळतील?

२१ एप्रिलच्या रविवारी संध्याकाळी हा ऑपेरा आम्ही प्रसारित करणार. तुला कॅसेट त्याआधी पाठवतो.

तुझा,
भुंगा


१५ फेब्रुवारी

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून माझं शिवणात लक्ष नाही. काल एका शेजारणीच्या झग्याला बाही उलटी लावली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझे काका जाऊन अकरा वर्षं झाली. फोटो आहेत, चष्मा आहे, एक कोट आहे. आवाज मात्र कुठंच नाही. आम्ही कधी टेप केला नाही. तुमच्याकडच्या लग्नातल्या त्या कॅसेटवर सगळे ओरडताहेत आणि हे गप्प आहेत. पहिली दोन-तीन वर्षं डोळे मिटले की ऐकू यायचे. मग हळूहळू काय झालं माहीत आहे? त्यांची वाक्यं आठवतात, पण माझ्याच आवाजात. कुणाला सांगितलं तर म्हातारीला वेड लागलं म्हणतील, म्हणून फक्त तुला सांगते.

‘मिठागरातली नवरी’ मला आठवते, पण खालच्या बाजूनं. मी सगळे ऑपेरे विंगेतून, गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या धरून पाहिलेत. मला विचारशील तर त्यात तीन झगे होते. पांढऱ्या झग्याच्या घेराला मीठ चिकटल्यासारखं दिसावं म्हणून आम्ही तांदळाची खळ आणि काचेचा चुरा लावला होता. मुख्य गायिकेच्या घोट्यांना रोज ओरखडे. पाच प्रयोग झाले, आणि मग ‘नवरी’ कायमची खुंटीला टांगली. संगीत कसं होतं, देव जाणे.

भूमिकेचं काय विचारतोस? ह्यांचं काम छोटंच असायचं. तू सगळं ऐक, कुठं ना कुठं सापडतील. आणि फार सोपस्कार करत बसू नकोस. जसं आहे तसं पाठव. मला वाट पाहवत नाही.

तुझी,
काकू


२४ फेब्रुवारी

ती. काकूस नमस्कार,

काकू, तुझ्या टाचण्यांच्या डबीसकट तू काय गमावलंस ते तुला माहीत नाही!

मी पहिल्या दिवशी कर्तव्य म्हणून ऐकायला बसलो. सुरुवातीचं वादन बेताचंच. मनात म्हटलं, विसरले ते बरंच केलं लोकांनी. मग पडदा उघडतो, मिठागरात बायका मीठ ओढताहेत, आणि त्यांच्या फावड्यांच्या लयीवर एक क्लॅरिनेट सुरू होते. एकच स्वर लांबवते, सोडते, पुन्हा धरते. मी चहा प्यायचा विसरलो. मोठ्या संगीतकारांसारखी ह्या माणसाला दारं धडाधडा उघडता येत नाहीत. तो दार किलकिलं करून ठेवतो आणि आपणच आत जातो.

गोष्ट साधी आहे. मिठागरातली मुलगी, तिचा आंधळा बाप, लढाईवर गेलेला भाऊ आणि ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय तो नावाडी. तिसऱ्या अंकात भावाच्या मरणाची चिठ्ठी येते. बाप म्हणतो, वाच. ती चिठ्ठी उघडते आणि भाऊ सुखरूप आहे, असं मनानंच रचून वाचून दाखवते. ‘बाबा, तो लिहितो की...’ इथं ती थांबते. वाद्यंही थांबतात. काकू, तो थांबा! चार सेकंद. खोटं बोलायला धीर गोळा करतेय. मग गाते, ‘...इथली हवा चांगली आहे.’ असा अभिनय मी आजवर नुसत्या आवाजात ऐकला नव्हता.

पण एक माणूस सगळी मजा घालवतो. ध्वनिमुद्रणवाल्यांनी मायक्रोफोन रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवला होता, अगदी प्रॉम्प्टरच्या खड्ड्याजवळ. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या आधी हा बाबा घोगऱ्या आवाजात ओळ सांगतो आणि मग गायक ती गातो. तीन तास! त्या थांब्यातही हा मधे घुसलाच आहे. दारातल्या माशीसारखा. ह्याला मी हाकलणार आहे. ब्लेडनं ती कुजबुज कापायची आणि तेवढ्याच लांबीची, रिकाम्या हॉलमधल्या शांततेची टेप तिथं जोडायची. कुणाच्या बापाला कळणार नाही.

आणि हो, दुसऱ्या अंकात एक दूत येतो. सहाच ओळी, पण काय भरदार आवाज! काका तेच ना?

तुझा,
भुंगा


२ मार्च

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलेलं वाचून मला त्या ऑपेराचा हेवा वाटला. माझं असं कौतुक कुणी केलं नाही.

एक सांगू का? ती कुजबुज राहू दे रे. जुन्या टेपेला असतंच काहीतरी. जुन्या कापडाला डाग असतो, तो काढायला गेलं की कापडच फाटतं, हे मी धंद्यातल्या अनुभवावरून सांगते. शिवाय तुझे डोळे. तुझी आई सांगत होती की तू ब्लेड घेऊन दिवसदिवस वाकून बसतोस आणि मान दुखते म्हणून शेकत बसतोस. एवढं कशासाठी करायचं? प्रॉम्प्टरही बिचारा नोकरीच करत होता. कुणाला त्रास द्यायला बसला नव्हता.

दुताचं मी कॅसेट ऐकल्यावर सांगेन. आता नीट आठवत नाही.

जसं आहे तसं पाठव, एवढंच पुन्हा सांगते. आजीला म्हणायचास तसं ‘हो हो’ म्हणून आपल्याच मनाचं करू नकोस.

तुझी,
काकू


१९ मार्च

ती. काकूस नमस्कार,

मी ‘हो हो’ म्हटलं आणि आपल्याच मनाचं केलं!

माझ्या मानेची काळजी तू करणार हे मला ठाऊकच होतं. पण काकांचा आवाज तुला अकरा वर्षांनी ऐकायला मिळणार आणि मी तो दुसऱ्याच्या कुजबुजीतून पाठवू? माझं काम दुसरं काय आहे मग? चारशे बारा जागी कापलं. जिथं कुजबुज गाण्याच्या खाली दबली होती तिथं कापता येत नव्हतं, तिथं वरचे सूर छाटून ती बुजवली. तीन आठवडे लागले. तिसऱ्या अंकातला तो थांबा आता पाण्यासारखा निवळ झालाय. टाचणी पडली तर ऐकू येईल. तुझीच टाचणी म्हण.

विभागप्रमुख बाईंनी परवा पूर्ण ऐकलं. ह्या बाई कुणाला बरं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, “हे काम तुझ्या नावावर राहील.” मी खाली जाऊन दोन कप चहा प्यायलो.

मूळ टेपा नियमाप्रमाणे लगेच पुसायला गेल्या. आता त्यांच्यावर शेतीविषयक भाषणं भरताहेत म्हणे.

सोबत कॅसेट आहे. दूत दुसऱ्या बाजूला, साधारण मध्यावर. सावकाश ऐक. रडलीस तर मला कळव, नाही रडलीस तरी कळव.

तुझा,
भुंगा


२८ मार्च

चि. भुंग्यास आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. आवाज अगदी स्वच्छ आहे. तुझ्या हाताला यश आहे.

कापलेले तुकडे तू कुठं ठेवतोस? अजून असतील तर मला पाठवशील का? कसेही असले तरी चालतील, गुंता असला तरी. मी सोडवीन. दोरे सोडवायची मला सवय आहे.

लगेच कळव.

काकू


१ एप्रिल

ती. काकूस नमस्कार,

तुझं पत्र वाचून मी चक्रावलो. तुकडे कशाला हवेत? बोटभर लांबीचे चिटोरे होते ते, सगळे टेबलाखालच्या टोपलीत. टोपली दर संध्याकाळी रिकामी होते. तरीही मी सफाईवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “साहेब, मागच्या महिन्याचा कचरा मागणारे तुम्ही पहिलेच.”

काकू, तू काकांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. मला वाईट वाटलं, मग भीती वाटली. मी नाट्यगृहाच्या कचेरीला फोन केला. तिथल्या जुन्या कारकुनांनी प्रयोगाची पत्रिका काढून वाचून दाखवली. दूत म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. समूहगायकांच्या यादीतही काका नाहीत. मी ‘नीट बघा’ म्हटल्यावर ते म्हणाले, “गायकांत नाही, पण शेवटच्या पानावर, सुतार आणि दिवेवाल्यांच्या खाली एक जण ह्या आडनावाचा आहे.” तेवढ्यात फोन तुटला. पुन्हा लावायला माझा हात धजत नाहीये.

काकू, काका नेमकं काय करायचे?

भुंगा


६ एप्रिल

चि. भुंग्यास,

तुला उत्तर कळलेलं आहे. तरी ते मी लिहिलं पाहिजे. तू हाकललेला तो माणूस तुझे काका होते.

आता कपाळ बडवून घेऊ नकोस. आधी सगळं वाच.

हे गाणं शिकले होते. सुरेख गायचे. पण समोर माणसं दिसली की गळ्यातून हवासुद्धा निघायची नाही. तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ह्यांना हाताला धरून आत आणावं लागलं. मग कुणीतरी प्रॉम्प्टरच्या जागेबद्दल सुचवलं. रंगमंचाच्या कडेला खड्डा, वर झाकण, प्रेक्षकांकडे पाठ. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा लहान मुलासारखे खुशीत होते. म्हणाले, “सगळी गाणी माझ्याकडून जातात, आणि माझ्याकडे कुणी बघत नाही!”

लग्न नवीन होतं. तुझ्या आजोबांनी विचारलं, ‘आमचा मुलगा काय करतो तिथं?’ मी म्हणून गेले, ‘गातात.’ खड्ड्यात बसून कुजबुजतात, हे माझ्याच्यानं सांगवेना. मला लाज वाटली. बोलून गेल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताटात बघत होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. पाहुणे ‘गा’ म्हणाले की हे घशाला मफलर गुंडाळून बसायचे. एकवीस वर्षं ह्यांचा घसा बसवून ठेवला मी.

त्या नोकरीनं बोलणंही तसंच झालं होतं, घरातही हळू, घोगरं, आणि नेहमी क्षणभर आधी. मी मीठ मागायच्या आधी मीठ पुढं करायचे. मला तोच आवाज हवा होता. तू पहिल्यांदा कुजबुजीबद्दल लिहिलंस तेव्हा मी तुझं पत्र उराशी धरून बसले. वाटलं, तीन तास! ह्यांचे तीन तास आहेत! आणि मग तुला लिहायला बसले, ‘भुंग्या, हात लावू नकोस, ते तुझे काका आहेत.’ एवढं एक वाक्य. ते लिहिलं आणि फाडलं. तुझ्या मनातला दूत मोडायला नको वाटलं. नाही, तेही खरं नाही. माझं खोटं उघडं पडायला नको वाटलं. मग कापडाचा डाग आणि तुझी मान, असलं काहीबाही लिहिलं.

तेव्हा चूक तुझी नाही. तू त्यांना तीन आठवडे कापलंस. मी त्यांना जन्मभर कापत होते, आणि मला तर ब्लेडही लागली नाही.

अजून एक. त्या थांब्याबद्दल तू एवढं लिहिलंस म्हणून सांगते. तिथं थांबा लिहिलेलाच नाही. त्या संध्याकाळी मुख्य गायिका ओळ विसरल्या. मी विंगेत होते. हे नेहमी ओळीचे पहिले दोन शब्द द्यायचे, पण त्या वेळी ह्यांनी सगळी ओळ सांगितली. घाई केली नाही, ओरडले नाहीत. आजारी माणसाला औषध पाजावं तशी पाजली. त्या गायल्या आणि पुढं सगळं नाट्यगृह रडलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, ‘तो थांबा काळीज चिरून गेला.’ ह्यांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं. दाखवायला कुणी नव्हतं. मी होते, तर मी त्या दिवशी म्हटलं, “ह्यात तुमचं नाव कुठं आहे?”

काकू


११ एप्रिल

काकू,

तुझं पत्र कचेरीत उघडलं आणि जिन्यात जाऊन वाचलं.

पुसलेल्या टेपा शोधल्या. दोन सापडल्या. त्यांवर खतांची भाषणं आहेत, खाली काही उरलेलं नाही. ज्यांनी मुद्रण केलं होतं त्या तंत्रज्ञांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं माळा उघडून दाखवला. काही नाही. मग माझीच प्रत घेऊन दोन दिवस कान लावून बसलो. कुठं एखादा शब्द सुटला असेल, अर्धा शब्द, एखादं ‘स’. काकू, एकही नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मला काकांचा आवाज ओळखता आला नाही. मांडीवर बसवून पेन्सिलीला टोक कसं करायचं ते त्यांनी मला शिकवलं होतं, त्याच आवाजात. आणि मी त्यांना माशी म्हटलं.

माझ्या हातात एकच गोष्ट आहे. प्रसारणाच्या शेवटी निवेदिका कलाकारांची नावं वाचते. प्रॉम्प्टरचं नाव वाचायची पद्धत नाही. मी विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “शेवटी नाही, पहिलं वाचायचं.” पण ते घरचे सगळे ऐकतील, बाबाही ऐकतील. तू हो म्हटलंस तरच.

भुंगा


१४ एप्रिल

भुंग्या,

वाचू दे. तुझ्या बाबांना मी आजच वेगळं पत्र टाकलंय. रेडिओवरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

काकू


२३ एप्रिल

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

रविवारी ऐकलं. निवेदिकेनं पहिलं नाव वाचलं तेव्हा मी उभी राहिले. का, ते मला माहीत नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

संपल्यावर तुझ्या बाबांचा फोन आला. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “वहिनी, दादा तिथं बसून नेमकं काय करायचा, ते सांगा ना.” मी सांगितलं. तास गेला. ‘मग आम्हाला का नाही सांगितलंत?’ असं त्यांनी विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, “चाळीस लोकांची गाणी त्याला पाठ होती?” आणि मग त्यांनी फोन तुझ्या आईकडे दिला.

तू त्या ऑपेराबद्दल लिहिलंस ते सगळं खरं आहे. क्लॅरिनेटचा तो स्वर मला आता ऐकू येतो. मी एवढी वर्षं झग्यांचे घेर बघत बसले आणि डोक्यावर हे चाललं होतं. लोक का विसरले असतील? कदाचित मोठ्यानं बोलत नाही म्हणून.

ऐकताना मी ह्यांची वही घेऊन बसले होते. ट्रंकेत होती. कोटाच्या खाली. प्रॉम्प्टरची वही म्हणजे सगळा ऑपेरा, आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं खूण. कुणाला कधी सांगायचं, कोण कुठल्या शब्दाला अडतो. समासात बारीक अक्षरात, ‘बाईंना धाप लागते, आधी दे.’ ‘नावाडी घाबरट, त्याच्याकडे हसून बघ.’ असं पानोपान. मला वाटलं, तू जिथं जिथं शांतता जोडलीस तिथं मी ओळ म्हणावी. इटालियन मला कळत नाही, पण ह्यांनी आपल्या अक्षरांत उच्चार लिहून ठेवलेत. पहिल्या अंकात जमलं. दुसऱ्यात मी मागं पडायला लागले. मी तोंड उघडेपर्यंत ते गाऊन मोकळे व्हायचे. माझ्यासाठी कोण थांबणार?

तिसऱ्या अंकात मी वही मिटली नाही, पण म्हणायचं थांबवलं. ती चिठ्ठी उघडते. ‘बाबा, तो लिहितो की...’ मग चार सेकंद. त्या चार सेकंदांत हे बोलताहेत, मला माहीत आहे. काय बोलताहेत तेही माहीत आहे, समोर लिहिलेलं होतं. ती ओळ मी बोटानं धरून ठेवली होती. त्या संध्याकाळी मी दहा पावलांवर उभी होते. स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि भुंग्या, मी रविवारी किती प्रयत्न केला, किती, पण कसं बोलले ते आठवेना.

तुझी,
काकू